ब्रिटनच्या विस्मरणात गेलेल्या टेनिस विजेत्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला, विंबल्डनची हिरवळ टीव्हीवर दिसू लागली, की मला ठरावीक प्रश्न येऊ लागतात. काही ओळखीच्यांचे, काही अनोळखी वाचकांचे, आणि बरेचसे क्रीडा पत्रकारिता शिकणाऱ्या मुलामुलींचे. तेच तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा एकदा सगळं नीट मांडावं म्हणून हे पान केलं. मला जे खात्रीनं माहीत आहे तेवढंच इथे आहे.

अँडी मरेनं ७७ वर्षांनी ब्रिटनला विंबल्डनचं विजेतेपद मिळवून दिलं, हे वाक्य चुकीचं का?

७ जुलै २०१३, रविवार. मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात रात्रपाळीला होते. मरेनं जोकोविचला ६-४, ७-५, ६-४ असं हरवलं आणि वृत्तसंस्थेची बातमी आली. तिचं मराठी करून मी मथळा दिला : '७७ वर्षांनी विंबल्डनला ब्रिटिश विजेता'. पान छापायला गेलं. सकाळी आईनं चहाबरोबर अंक वाचला, त्या मथळ्यावर घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवला. "अगं, मग ती व्हर्जिनिया वेड कोण होती?" १९७७ साली आई कॉलेजात होती आणि वेड जिंकल्याची बातमी तिनं तेव्हा पेपरात वाचली होती. छत्तीस वर्षांपूर्वी वाचलेली बातमी तिच्या लक्षात होती. मी टेनिसवर लिहून पगार घेत होते, तरी मला ती आठवली नव्हती.

फ्रेड पेरी १९३६ मध्ये जिंकला तो पुरुष एकेरीत. मरेही पुरुष एकेरीतच जिंकला. त्या दोघांच्या मध्ये ७७ वर्षं आहेत ती ब्रिटिश पुरुषांची. 'पुरुष' हा एक शब्द गाळला की चार विजेत्या गळतात : १९३७ची डोरोथी राउंड, १९६१ची अँजेला मॉर्टिमर, १९६९ची अ‍ॅन जोन्स आणि १९७७ची व्हर्जिनिया वेड. त्या दिवशी इंग्रजी माध्यमांतही अनेकांनी हीच चूक केली, आणि समाजमाध्यमांवर बायकांनीच ती दाखवून दिली.

फक्त विंबल्डन नको, चारही ग्रँड स्लॅम (विंबल्डन, फ्रेंच, ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन या टेनिसच्या चार मोठ्या स्पर्धा) धरले तर हिशेब काय होतो?

सप्टेंबर १९३६ मध्ये पेरी अमेरिकेत जिंकला. त्यानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये मरे अमेरिकन ओपन जिंकेपर्यंत ब्रिटिश पुरुषांच्या नावावर एकेरीचं एकही ग्रँड स्लॅम नाही. त्याच काळात ब्रिटिश महिलांनी तेरा जिंकली.

मोजूनच घ्या. राउंडचं १९३७चं विंबल्डन. मॉर्टिमरची तीन : १९५५ची फ्रेंच, १९५८ची ऑस्ट्रेलियन, १९६१चं विंबल्डन. शर्ली ब्लूमरची १९५७ची फ्रेंच, ख्रिस्टीन ट्रूमनची १९५९ची फ्रेंच. अ‍ॅन जोन्सची तीन : १९६१ आणि १९६६ची फ्रेंच, १९६९चं विंबल्डन. वेडची तीन : १९६८ची अमेरिकन ओपन, १९७२ची ऑस्ट्रेलियन ओपन, १९७७चं विंबल्डन. आणि सू बार्करची १९७६ची फ्रेंच ओपन.

एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला तेरा. 'ब्रिटिश टेनिसचा दुष्काळ' म्हणून आपण जे वर्षानुवर्षं वाचत आलो, त्या काळातलं हे पीक आहे.

पण या खेळाडूंना त्या त्या वेळी प्रसिद्धी मिळालीच ना?

मिळाली, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. बीबीसीचा वर्षातल्या सर्वोत्तम क्रीडापटूचा पुरस्कार अ‍ॅन जोन्सला १९६९ मध्ये मिळाला, वेडला १९७७ मध्ये, एमा रादुकानूला २०२१ मध्ये. जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे फोटो पहिल्या पानावर होते.

माझी तक्रार वेगळी आहे. पहिल्या पानावरचा फोटो एक दिवस टिकतो. पुढची पन्नास वर्षं 'शेवटचा ब्रिटिश विजेता कोण' असं कुणी विचारलं की ज्याचं नाव तोंडी येतं, त्याची दखल घेतली गेली असं मी मानते. पेरीचं नाव दर उन्हाळ्यात निघायचं. ब्रिटनचा टिम हेन्मन हरला की पेरी, मरे हरला की पेरी. मॉर्टिमरचं नाव असं कोण काढायचं?

विंबल्डनच्या आवारातही हे दिसतं. पेरीचा तिथे पूर्णाकृती पुतळा आहे, १९८४ पासून. विंबल्डनचा क्लब १९२२ मध्ये चर्च रोडवरच्या आजच्या जागी आला, तेव्हापासूनच्या पाच ब्रिटिश विजेत्यांचे, म्हणजे किटी गॉडफ्री, राउंड, मॉर्टिमर, जोन्स आणि वेड यांचे, तिथे अर्धपुतळे आहेत. ते आहेत याचा मला आनंदच आहे. पण पाच जणींना मिळून एकीलाही पाय नाहीत, हे एकदा लक्षात आलं की विसरता येत नाही.

१९६१च्या अंतिम सामन्याबद्दल तुम्ही वारंवार लिहिता. त्यात एवढं काय आहे?

कारण दखल कशी सरकते ते त्या एका सामन्यात दिसतं.

१९१४ नंतर पहिल्यांदाच विंबल्डनच्या महिला एकेरीत दोन्ही बाजूंना ब्रिटिश खेळाडू होत्या. एकीकडे ख्रिस्टीन ट्रूमन : वीस वर्षांची, सहा फूट उंच, हसऱ्या चेहऱ्याची, प्रेक्षकांची लाडकी. १९५८ मध्ये सतराव्या वर्षी तिनं वाइटमन कपमध्ये (ब्रिटन आणि अमेरिकेच्या महिला संघांची स्पर्धा) अमेरिकेच्या अल्थिया गिब्सनला हरवलं होतं, आणि ब्रिटननं तो कप १९३० नंतर पहिल्यांदा अमेरिकेकडून घेतला होता. दुसरीकडे अँजेला मॉर्टिमर : एकोणतीस वर्षांची, मितभाषी, बेसलाइनवरून चिकाटीनं खेळणारी. तिला कमी ऐकू यायचं. मधल्या काळात इजिप्तमध्ये झालेल्या आमांशानं तिला पार खंगवलं होतं. तब्येत सुधारावी म्हणून ती ऑस्ट्रेलियाला गेली आणि तिथली स्पर्धाच जिंकून आली.

पावसानं सामना उशिरा सुरू झाला होता आणि गवत ओलसर होतं. ट्रूमन पहिला सेट ६-४ जिंकली, दुसऱ्यात ४-३ पुढे होती. तेवढ्यात ती घसरून पडली. उठून खेळली, पण पायातली सहजता गेली. मॉर्टिमरनं तिला लॉब आणि ड्रॉप शॉटनं मागेपुढे पळवलं, तो सेट ६-४ आणि तिसरा ७-५ असा घेतला.

तेव्हापासून हा सामना 'ट्रूमन पडली तो सामना' म्हणून सांगितला जातो. जिंकणारीच्या सामन्याला हरणारीच्या पडण्याचं नाव मिळालं. मला ट्रूमनबद्दल मनापासून आपुलकी आहे, तिनं त्या पडण्याचं कधी भांडवल केलं नाही. पण ती पडल्यानंतरही तिसरा सेट ५-५ पर्यंत गेला होता, आणि तो कुणीतरी जिंकावा लागतो. शिवाय अख्खं सेंटर कोर्ट आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनं असताना समोरच्या लंगडणाऱ्या मुलीला ड्रॉप शॉट मारत राहायला मन घट्ट लागतं. त्या वर्षीचा बीबीसीचा पुरस्कार मोटार शर्यतपटू स्टर्लिंग मॉसला मिळाला.

विंबल्डनबाहेरची विजेतेपदं इतकी दुर्लक्षित का राहिली?

ब्रिटिश माध्यमांचं टेनिस कॅलेंडर दोन आठवड्यांचं आहे, हे पहिलं कारण. पॅरिसमधली लाल माती त्यांना फार काळ परकीच वाटत आली. १९५५ मॉर्टिमर, १९५७ ब्लूमर, १९५९ ट्रूमन, १९६१ हेडन (हीच पुढे अ‍ॅन जोन्स) : सात वर्षांत चार वेगवेगळ्या ब्रिटिश मुलींनी फ्रेंच स्पर्धा जिंकली. ट्रूमन तेव्हा अठरा वर्षांची होती. एखाद्या देशाच्या पुरुषांनी हे केलं असतं तर त्या पिढीला एखादं नाव पडलं असतं.

त्याही आधी पेगी स्क्रिव्हन. डावखुरी, १९३३ मध्ये मानांकन नसताना फ्रेंच स्पर्धा जिंकली, आणि १९३४ मध्ये ती राखली. आज टेनिस आवडीनं पाहणाऱ्या दहा ब्रिटिशांना विचारलंत तर मला वाटतं नऊ जणांना हे नाव नवीन असेल.

अ‍ॅन जोन्स विंबल्डनच्या फलकावर सापडत नाही, असं एकानं सांगितलं. खरं का?

बराच काळ ते खरं होतं. क्लबहाउसमध्ये विजेत्यांच्या नावांचे फलक आहेत. पुरुषांच्या फलकावर आद्याक्षरं आणि आडनाव. महिलांच्या फलकावर मात्र आधी 'मिस' किंवा 'मिसेस', आणि लग्न झालेली असेल तर नवऱ्याची आद्याक्षरं. त्यामुळे १९६९च्या पुढे लिहिलेलं असायचं : मिसेस पी. एफ. जोन्स. पी. एफ. म्हणजे फिलिप, तिचा नवरा. उपांत्य फेरीत मार्गारेट कोर्टला आणि अंतिम फेरीत ओळीनं तीनदा जिंकलेल्या बिली जीन किंगला ३-६, ६-३, ६-२ असं हरवणारी बाई अ‍ॅन होती. फलकावर तिचा 'ए' सुद्धा नव्हता.

लग्नपत्रिकेवर 'सौ.' लावून मधे नवऱ्याचं नाव घालण्याची आपल्याकडची रीत माहीत असलेल्याला हे लगेच कळेल. पण क्रीडा इतिहासात त्याचा एक जास्तीचा तोटा होतो : एकाच बाईची विजेतेपदं दोन नावांत वाटली जातात. डोरोथिया डग्लस १९०३, १९०४ आणि १९०६ मध्ये जिंकली. लग्नानंतर ती लँबर्ट चेंबर्स झाली आणि १९१०, १९११, १९१३, १९१४ मध्ये जिंकली. एकूण सात, कुठल्याही ब्रिटिश महिलेची विंबल्डनमधली सर्वाधिक एकेरी विजेतेपदं. फलक वाचणाऱ्याला मात्र तिथे एक तीनदा जिंकलेली कुमारिका आणि एक चारदा जिंकलेली सौभाग्यवती दिसायची. शार्लट कूपरची पाच अशीच तीन आणि दोन झाली. ब्लँश बिंगली १८८६ मध्ये माहेरच्या नावानं जिंकली आणि पुढे पाच वेळा मिसेस हिलियार्ड म्हणून.

२०२२ मध्ये क्लबनं 'मिस', 'मिसेस' आणि नवऱ्यांची आद्याक्षरं काढून टाकली. इतक्या छोट्या दुरुस्तीला इतकी वर्षं का लागावीत, याचं समाधानकारक उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

त्याआधीच्या, अगदी सुरुवातीच्या खेळाडूंपैकी कुणाबद्दल वाचावं?

शार्लट कूपर. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती एकेरी जिंकली आणि वैयक्तिक प्रकारात ऑलिंपिक विजेती ठरलेली पहिली महिला झाली. सव्वीसाव्या वर्षापासून तिला ऐकू येत नव्हतं. १९०८ मध्ये दोन मुलांची आई असताना, सदतिसाव्या वर्षी, ती पुन्हा विंबल्डन जिंकली. इतक्या वयात ती एकेरी आजवर दुसऱ्या कुठल्याही महिलेनं जिंकलेली नाही. तिच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. अंतिम सामना जिंकून ती सायकलवरून घरी आली. भाऊ बागेत कुंपण कातरत होता. कुठे गेली होतीस, त्यानं विचारलं. आत्ताच विंबल्डन जिंकून आले, ती म्हणाली. तो काही बोलला नाही, कुंपण कातरत राहिला.

दुसरी किटी मॅकेन, लग्नानंतरची गॉडफ्री. १९२४ च्या अंतिम सामन्यात हेलन विल्सविरुद्ध ती ४-६, १-४ अशी मागे होती. तिथून तिनं सामना ४-६, ६-४, ६-४ असा काढला. विल्स त्यानंतर विंबल्डन आठ वेळा जिंकली. तिथे एकेरीत ती आयुष्यात एकदाच हरली, ती या दिवशी. किटीची ऑलिंपिक पदकं पाच. १९२६ मध्ये ती एकेरी पुन्हा जिंकली आणि त्याच वर्षी नवऱ्याच्या साथीनं मिश्र दुहेरीही.

आणि पुणेकरांसाठी : ज्या खेळाला ब्रिटिश सैनिक एके काळी 'पूना' म्हणत, त्या बॅडमिंटनमध्येही तिनं ऑल इंग्लंडची एकेरी चारदा जिंकली. प्रकाश पदुकोण आणि गोपीचंद जिंकले तीच ही स्पर्धा. दोन खेळांत असं यश मिळवणारा एखादा पुरुष असता तर शाळेच्या पुस्तकात असता असं मला वाटतं.

व्हर्जिनिया वेड तर सगळ्यांना माहीत आहे. तिचं नाव या यादीत का?

कारण लोकांना तिचा एक दिवस माहीत आहे. १ जुलै १९७७. विंबल्डनच्या शताब्दीचं वर्ष, राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव, राणी स्वतः हजर. वेडनं बेटी स्टोव्हला ४-६, ६-३, ६-१ असं हरवलं आणि प्रेक्षकांनी गाणं म्हटलं. बत्तिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता आणि ही तिची सोळावी विंबल्डन होती.

त्याआधीची पंधरा वर्षं ब्रिटिश पत्रकारांनी तिला 'ऐन वेळी कच खाणारी' हे बिरूद चिकटवलं होतं. या काळात तिनं काय केलं होतं बघा. १९६८ मध्ये खुल्या युगातली (म्हणजे व्यावसायिक खेळाडूंनाही प्रवेश मिळाल्यानंतरची) पहिली अमेरिकन ओपन जिंकली, अंतिम सामन्यात बिली जीन किंगला ६-४, ६-२ असं हरवून. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियात इव्हॉन गुलागाँगला तिच्याच देशात हरवून विजेती झाली. चार वर्षांत तीनपैकी दोन खंडांत ग्रँड स्लॅम जिंकलेली खेळाडू कच खाणारी कशी? तर ती घरच्या गवतावर जिंकली नव्हती म्हणून. ससेक्स विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेल्या या बाईला हा हिशेब कसा वाटला असेल, असं मला नेहमी वाटतं.

पैशाचाही उल्लेख इथेच करते. त्या १९६८ च्या अमेरिकन ओपनमध्ये महिला विजेतीचं बक्षीस ६,००० डॉलर होतं, पुरुषांचं १४,०००. त्याच वर्षी विंबल्डनमध्ये महिलांना ७५० पौंड, पुरुषांना २,०००. विंबल्डनची बक्षिसं समान झाली ती २००७ मध्ये.

सू बार्कर म्हणजे ती टीव्हीवरची निवेदिकाच ना?

तीच. १९९३ ते २०२२ बीबीसीच्या विंबल्डन प्रक्षेपणाचा चेहरा. पण १९७६ मध्ये तिनं फ्रेंच ओपन जिंकली होती, अंतिम सामन्यात रेनाता तोमानोव्हाला ६-२, ०-६, ६-२ असं हरवून, आणि १९७७ मध्ये ती जगात तिसरी होती. त्या वर्षी पॅरिसला बऱ्याच अव्वल खेळाडू आल्या नव्हत्या, हे म्हणणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. पण समोर आलेल्या सगळ्यांना हरवणं एवढंच खेळाडूच्या हातात असतं. मॉर्टिमर आणि बार्कर दोघीही डेव्हनच्या, आणि टॉर्कीच्या एकाच प्रशिक्षकाच्या, आर्थर रॉबर्ट्सच्या हाताखाली घडलेल्या. एका गावातल्या एका माणसानं दोन ग्रँड स्लॅम विजेत्या घडवल्या.

१९७७ ते २०२१ या काळात मग कुणीच नव्हतं का?

'कुणीच नव्हतं' हेच तर आपल्याला ऐकवलं गेलं. जो ड्युरी १९८३ मध्ये फ्रेंच आणि अमेरिकन अशा दोन ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत होती, १९८४ मध्ये जगात पाचवी. १९८७ मध्ये तिनं जेरेमी बेट्सबरोबर विंबल्डनची मिश्र दुहेरी जिंकली. १९३६ मध्ये पेरी आणि राउंड जिंकल्यानंतरची ती पहिली ब्रिटिश जोडी. हेदर वॉटसननं २०१२ मध्ये ओसाकात विजेतेपद घेतलं. ब्रिटिश महिलेनं डब्ल्यूटीए (महिलांची व्यावसायिक टेनिस संघटना) मालिकेतली एकेरी जिंकण्याची ही २४ वर्षांतली पहिली वेळ होती.

एलेना बाल्टाचाबद्दल लिहिताना माझा हात अजून थबकतो. कीव्हमध्ये जन्मलेली, यकृताचा आजार एकोणिसाव्या वर्षीच कळलेला. तो सांभाळत ती जगातल्या पहिल्या पन्नासांत पोहोचली, फेड कप या महिलांच्या सांघिक स्पर्धेत वर्षानुवर्षं ब्रिटनसाठी झटली, इप्सविचमध्ये सर्वसाधारण घरांतल्या मुलांसाठी टेनिस अकादमी काढली. ४ मे २०१४ रोजी, तिसाव्या वर्षी, ती यकृताच्या कर्करोगानं गेली. तिच्यावरचे मोठे, प्रेमानं लिहिलेले लेख मी वाचले ते त्या आठवड्यात. जिवंतपणी ती बातमीत यायची बहुतेक 'ब्रिटनची आणखी एक खेळाडू पहिल्या फेरीत बाद' या ओळीत.

आणि जोहाना काँटा. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात उपांत्य फेरी, २०१७ मध्ये मायामीचं विजेतेपद, त्याच वर्षी विंबल्डनची उपांत्य फेरी (१९७८ च्या वेडनंतर पहिली ब्रिटिश महिला), जागतिक क्रमवारीत चौथी, २०१९ मध्ये पॅरिसची उपांत्य फेरी. २०१९ मध्ये विंबल्डनला ती उपांत्यपूर्व फेरीत हरली, तेव्हा पत्रकार परिषदेत एकानं तिला, स्वतःकडे जरा बारकाईनं बघायला नको का, अशा सुरात विचारलं. तिनं आवाज न चढवता त्याला ऐकवलं की माझ्याशी असं वरून बोलू नका. तिच्या अख्ख्या कारकिर्दीपेक्षा ती चकमक जास्त लोकांनी पाहिली असावी.

एमा रादुकानूला तर भरपूर प्रसिद्धी मिळाली. म्हणजे प्रश्न सुटला ना?

२०२१ च्या अमेरिकन ओपनमध्ये तिनं जे केलं ते पुन्हा होईल का, मला शंका आहे. क्रमवारीत १५०वी, पात्रता फेरीपासून सुरुवात, दहा सामने, एकही सेट न गमावता विजेतेपद. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी ती पुरुष-महिला धरून पहिलीच.

पण नंतर तिच्याबद्दल काय छापून आलं ते आठवा. प्रशिक्षक किती बदलले, जाहिराती किती केल्या, मैदानाबाहेर कुठे दिसली. तिच्या दुसऱ्या सर्व्हिसवर किंवा सर्व्हिस परतवताना बेसलाइनच्या आत शिरण्याच्या सवयीवर तुम्ही शेवटचं कधी वाचलंत? खूप लिहून येणं म्हणजे खेळाची दखल घेतली जाणं नव्हे. शिवाय सगळा उजेड एकीवर पडला की शेजारी उभ्या असलेल्या केटी बोल्टर, सोनय कार्टल अंधारातच राहतात.

महिला टेनिसला प्रेक्षकच नसतील तर माध्यमं काय करणार?

रादुकानूचा तो अंतिम सामना चॅनल फोरनं ऐन वेळी हक्क मिळवून सगळ्यांना मोफत दाखवला. एका क्षणी ९२ लाख लोक तो पाहत होते. सामना दिसला तर लोक पाहतात. त्याच रादुकानूचे आधीचे सामने पाहायला मात्र पैसे भरावे लागत होते.

व्हीलचेअर टेनिसमध्ये कुणी आहे का?

जॉर्डन व्हायलीनं २०१४ मध्ये जपानच्या युई कामिजीबरोबर व्हीलचेअर दुहेरीत एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकले. असं करणारी ती पहिली ब्रिटिश खेळाडू, आणि इथे 'पहिली' पुढे 'महिला' लिहायची गरज नाही, कारण तिच्याआधी पुरुषांतही कुणी नव्हतं. २०१५ मध्ये तिनं अमेरिकन ओपनची व्हीलचेअर एकेरीही जिंकली. लुसी शुकरकडे तीन पॅरालिंपिकमधली दुहेरीची पदकं आहेत. २०२४ मध्ये पॅरिसला ब्रिटिश पथकाचा ध्वज तिच्या हातात होता.

मग यात अँडी मरेचा दोष किती?

काहीच नाही, उलट त्याचे आभार मानायला हवेत. २०१६ मध्ये रिओत तो दुसऱ्यांदा ऑलिंपिक एकेरी जिंकला, तेव्हा मुलाखत घेणाऱ्यानं त्याला दोन ऑलिंपिक टेनिस सुवर्णं जिंकणारा पहिला माणूस म्हटलं. मरेनं तिथल्या तिथे सांगितलं की व्हीनस आणि सेरेना यांच्याकडे प्रत्येकी चारेक आहेत. २०१७ मध्ये सॅम क्वेरीकडून विंबल्डन हरून तो पत्रकारांसमोर बसला होता, कंबर दुखत होती. एकानं प्रश्न सुरू केला की क्वेरी हा २००९ नंतर ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला पहिला अमेरिकन खेळाडू. मरे मधेच म्हणाला : पुरुष खेळाडू. प्रश्न विचारणाऱ्याला आधी कळलंच नाही काय चुकलं ते.

याचा मराठी वाचकाशी काय संबंध?

एक संबंध १९३४ चा आहे. त्या वर्षी विंबल्डनची महिला विजेती होती डोरोथी राउंड, डडली गावची, चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात शिकवणारी आणि रविवारी खेळायला नकार देणारी. तिचा पुतळा तिच्या गावात उभा राहिला तो २०१३ मध्ये, मरे जिंकला त्याच वर्षी. १९३४ च्या त्याच स्पर्धेत मुंबईच्या लीला राव यांनी पहिल्या फेरीचा सामना जिंकला. विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. लीला राव या संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांच्या कन्या, आणि संस्कृतचे विद्वान शंकर पांडुरंग पंडित यांची नात. हे नाव तुम्ही आधी ऐकलं होतं का? आपल्या घरातल्याच बाईला विसरून इंग्रजांना नावं ठेवणं मला जमत नाही.

मराठीत बातमी लिहिताना काय काळजी घ्यावी?

इंग्रजीत 'चॅम्पियन' म्हटलं की स्त्री की पुरुष ते झाकलं जातं. मराठीत 'विजेता' आणि 'विजेती' वेगळे आहेत, क्रियापदही वेगळं आहे. म्हणजे इंग्रजीतली चूक आपली भाषा आपोआप पकडू शकते, फक्त आपण थांबून बघायला हवं. 'पहिला', 'शेवटचा', 'इतक्या वर्षांनी' हे शब्द आले की पुढे 'पुरुष एकेरीत' किंवा 'महिला एकेरीत' लिहा. बाईचं नाव पूर्ण लिहा. लग्नापूर्वीचं नाव वेगळं असेल तर दोन्ही द्या, म्हणजे शोधणाऱ्याला सगळी विजेतेपदं एकत्र सापडतील. आणि संघटनेनं किंवा वृत्तसंस्थेनं दिलेला विक्रम तसाच उचलू नका. महिलांची यादी उघडून पाच मिनिटं ताडून बघा. २०१३ च्या त्या रात्री माझ्याकडे पान जायला चाळीस मिनिटं होती.

सामने बघायचे असतील तर कुठून सुरुवात करू?

१९६९ चा जोन्स-किंग सामना शोधा. डावखुऱ्या हातानं जोन्स चेंडू कसा वळवते ते पाहा. टेबल टेनिसमधून आलेलं मनगट आहे ते. १९५७ च्या जागतिक टेबल टेनिस स्पर्धेत ती तिन्ही प्रकारांत अंतिम फेरीत खेळली होती आणि तिन्ही हरली होती. मग १९७७ ची वेड, पण अंतिम सामन्याच्या आधी ख्रिस एव्हर्टविरुद्धची उपांत्य लढत बघा, ६-२, ४-६, ६-१. माझ्या मते ती जास्त चांगली खेळली ते त्या दिवशी. १९६१ चं चित्रण तुकड्यातुकड्यांत मिळतं, काळंपांढरं. त्यात ट्रूमन पडते तो तुकडा सगळीकडे आहे. त्याच्या पुढचा, मॉर्टिमर शेवटचा गुण जिंकते तो, जरा शोधावा लागतो.